नव्या ‘स्टार ट्रेक’नं जुना शब्द पाळला का?

८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. तिकडं तेव्हा वर्णभेदाविरुद्धचा लढा पेटलेला, रशियाशी शीतयुद्ध चाललेलं. अशा काळात जीन रॉडनबेरी यांनी एकाच यानावर कृष्णवर्णीय उहुरा, जपानी वंशाचा सुलू आणि वर्षभरानं रशियन चेकॉव्हही आणून बसवला. उहुरा साकारणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबायला सांगितलं, असं त्या नेहमी सांगत.

मग २०१७ पासून आलेल्या नव्या मालिकांनी हा वारसा जपला, की नुसता मिरवला?

पात्रं बघितली तर उत्तर सोपं आहे. ‘डिस्कव्हरी’ची नायिका कृष्णवर्णीय स्त्री आहे. स्टॅमेट्स आणि कल्बर हे दोघं पुरुष एकमेकांचे जोडीदार आहेत. तिसऱ्या सीझनमध्ये ट्रान्स आणि नॉनबायनरी पात्रंही आली. काही जुने चाहते म्हणतात, हे अती झालं.

पण जुनी मालिका तरी कुठं धुतल्या तांदळासारखी होती? पहिल्या पायलटमध्ये यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री होती, ‘नंबर वन’. चॅनेलनं तो पायलट नाकारला आणि दुसऱ्या पायलटमधून ती गायबच झाली. १९६९ च्या शेवटच्या भागात तर कप्तानपद बायकांसाठी नाही, असाच सूर होता. स्त्री कप्तान नायिका व्हायला १९९५ ची ‘व्हॉयेजर’ यावी लागली.

तीच ‘नंबर वन’ आता ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये परतली आहे. २०२३ च्या एका भागात तिच्यावर खटला चालतो. गुन्हा काय? तिच्या समाजात जनुकीय बदल करतात आणि ते लपवून ती भरती झाली. म्हणजे समतेचा झेंडा मिरवणारं फेडरेशनच भेदभाव करतं. ती सुटते, कायदा मात्र तसाच राहतो. ‘पिकार्ड’मध्येही संकटातल्या रोम्युलन लोकांना वाचवण्याचं काम फेडरेशन अर्ध्यावर सोडतं.

रॉडनबेरींचं फेडरेशन असं वागलं नसतं, ही तक्रार तिथूनच येते. पण आदर्शाची परीक्षा स्वतःच्या घरातच होते ना!

आपल्या बाजूनं एक हिशेब मात्र बाकी आहे. १९६७ मध्ये आलेला खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. पडद्यावर तो आधी मेक्सिकन नटानं केला, २०१३ च्या सिनेमात ब्रिटिश नटानं. मुंबईच्या पर्सिस खंबाटा १९७९ च्या सिनेमात झळकल्या, पण परग्रहवासी म्हणून.

थोडक्यात, नव्या मालिकांनी शब्द मोडलेला नाही. यानावर कोण बसलंय एवढंच न बघता नियम कुणाला बाहेर ठेवतो, हेही त्या विचारतात. हे जिथं विसरतात, तिथं नुसता देखावा उरतो.