ड्रॅगनाचा फूत्कार : शंकु कीं रेषा ?

शस्त्रांचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतां येतात. तरवार किंवा बाण हें शस्त्र एका माणसावर रोखलेलें असतें. नेम चुकला तर तें वायां जातें. परंतु ज्याच्यावर तें रोखलेलें नाहीं, त्याला त्यापासून सहसा भय नसतें. आग, विषारी वायु, फुटलेल्या बंधाऱ्याचें पाणी हीं शस्त्रें दुसऱ्या वर्गांत पडतात. तीं माणसावर रोखलीं जात नाहींत, जागेवर रोखलीं जातात. आणि त्या जागेंत जो कोणी उभा असेल, तो शत्रु असो वा मित्र, त्याला त्यांचा प्रसाद मिळाल्यावांचून राहत नाहीं. आजच्या भाषणांत या दुसऱ्या वर्गांतील एका काल्पनिक शस्त्राचा विचार करावयाचा आहे. विषय खेळांतला असला तरी त्याच्या पोटीं असलेला प्रश्न खराखुरा आहे. आपलापरका हा भेद न जाणणारें शस्त्र जवळ असतां त्याचा आकार कोणता निवडावा, आणि तो कशावरून निवडावा ?

ज्या खेळांत हा प्रश्न उभा राहतो त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं तो रचला व १९७४ सालीं तो प्रथम प्रसिद्ध झाला. टेबलाभोंवतीं चारसहा मंडळी जमतात. त्यांपैकीं एक जण सूत्रधार होतो. कथेंतील स्थळें, प्रसंग आणि शत्रु हें सारें तो उभें करतो. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोरवाटांचा जाणकार. बुद्धिबळाच्या डावांत समोरचा खेळाडू प्रतिस्पर्धी असतो. येथें सारे खेळाडू एकमेकांचे सोबती असतात, आणि एकच कथा महिनेन् महिने चालूं शकते. यशापयशाचा निर्णय फांशांनीं होतो. लढाईचा प्रसंग आला म्हणजे चौकटी आंखलेला पट मांडून त्यावर सोंगट्या ठेवण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणीं आहे. या पटावरील एक घर म्हणजे ५ फूट लांब व ५ फूट रुंद एवढी जागा.

पाश्चात्य कथांतील ड्रॅगन हा पंख असलेला, मुखावाटे आग ओकणारा महासर्प होय. १९७४ च्या मूळ पुस्तकांतच त्याच्या वर्णाप्रमाणें फूत्काराचा पदार्थ आणि आकार हीं दोन्ही ठरवून दिलेलीं होतीं. तांबड्याची आग आणि पांढऱ्याची गोठविणारी थंडी शंकूच्या आकारांत पसरे. काळ्याचें तेजाब व निळ्याची वीज सरळ रेषेंत जाई. हिरव्याचा विषारी वायु ढगासारखा दाटे. पुढें खेळाडूलाहि ड्रॅगनाच्या वंशांतील मनुष्याकृति पात्र घेण्याची सोय झाली. अशा पात्राला 'ड्रॅगनबॉर्न' असें म्हणतात. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकांत त्याला स्थान मिळालें. त्या वेळीं त्याचा फूत्कार तीन घरें लांब व तीन घरें रुंद अशा चौकोनाचा होता. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत मूळ ड्रॅगनांचे दोन आकार त्याच्याकडे आले. दहा पूर्वजांचें एक कोष्टक देण्यांत आलें. त्यांतील काळा, निळा, पितळी, कांस्य आणि ताम्र या पांचांच्या वंशजाला रेषा मिळे. सोनेरी, हिरवा, तांबडा, रुपेरी आणि पांढरा या पांचांच्या वंशजाला शंकु. पात्र घडवितांना पूर्वज एकदां निवडला कीं आकार कायमचा ठरला.

आतां या दोन आकृति डोळ्यांपुढें आणा. रेषा ३० फूट लांब व ५ फूट रुंद आहे. शंकु १५ फूट लांब असून कोणत्याहि ठिकाणीं त्याची रुंदी मुखापासूनच्या अंतराइतकी असते. पटावर मोजूं गेल्यास रेषेखालीं एकापुढें एक अशीं सहा घरें येतात. शंकूखालीं पहिल्या ओळींत एक, दुसरींत दोन व तिसरींत तीन घरें येतात. त्यांची बेरीजहि सहाच. मोजपट्टी लावली तर रेषेचें क्षेत्रफळ १५० चौरस फूट भरतें, आणि जमिनीवर पडणाऱ्या शंकूच्या त्रिकोणाचें ११२॥ चौरस फूट. म्हणजे घरांच्या हिशेबानें दोघे समान, आणि मोजपट्टीच्या हिशेबानें रेषाच वरचढ. मग कोणता आकार घेतला तरी काय बिघडलें, असें कोणासहि वाटेल.

परंतु घरें कांहीं लढत नाहींत. त्या घरांत उभे असलेले प्राणी लढतात. २०१४ सालींच निघालेल्या 'डंजन मास्टर्स गाइड' या सूत्रधाराच्या पुस्तकांत, पट न मांडतां खेळणाऱ्यांच्या सोयीसाठीं एक अंदाज सांगितला आहे. शंकूच्या लांबीला दहानें भागावें, रेषेच्या लांबीला तिसानें भागावें, अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक घ्यावा. जो अंक येईल तितके जण त्या आकारांत सांपडले असें समजावें. या रीतीनें १५ फुटांच्या शंकूंत दोन शत्रु सांपडतात आणि ३० फुटांच्या रेषेंत एकच. सहा घरांचीच व्याप्ति, पण फळ दुप्पट ! याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. माणसें काय, लांडगे काय, लढतांना घोळका करतात. आपल्या शत्रूच्या सोयीसाठीं रांग लावून कोणी उभा राहत नाहीं. शंकूचा आकार घोळक्याच्या आकाराशीं जुळतो, रेषेचा जुळत नाहीं. म्हणून मोकळ्या मैदानापुरता तरी शंकु श्रेष्ठ, हा निर्णय योग्य आहे.

तथापि या खेळाच्या नांवांतच भुयारांचा उल्लेख आहे, आणि भुयारांत मोकळें मैदान क्वचित् मिळतें. ५ फूट रुंदीच्या बोळांत शंकु सोडला तर दोन्ही बाजूंच्या भिंती त्याला अडवितात; प्रत्येक ओळींतील एकच घर त्याच्या वांट्यास येतें आणि सहाचीं तीनच घरें उरतात. रेषेचीं सहाहि घरें तेथें कायम राहतात. शिवाय अशा बोळांत शत्रूला इच्छा असो वा नसो, एकामागें एक असेंच उभें राहावें लागतें. मैदानांत जी रांग कोणी लावली नसती, ती येथें भिंती लावून देतात. बोळ १० फुटांचा झाला कीं शंकूचीं पांच घरें होतात आणि तो पुन्हा डोकें वर काढतो. यावरून दिसून येईल कीं, आकाराचें बल आकारांत नसतें. जमीन व आकार यांच्या मेळांत असतें.

पण जमिनीपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट सोबत्यांची. फूत्काराला मित्रशत्रु कळत नाहीं, हें आरंभींच सांगितलें. समजा, आपल्या तुकडींतील योद्धा पुढें उभा आहे आणि ड्रॅगनबॉर्न त्याच्या पाठीशीं आहे. शत्रूंपैकीं दोघे योद्ध्याच्या उजव्या अंगाच्या ओळींत एकामागें एक असे आले आहेत. ड्रॅगनबॉर्नानें पाठीमागूनच समोर शंकु सोडला तर त्याचें पहिलें घर म्हणजे योद्ध्याचें घर. पहिला चटका त्यालाच बसणार. एक घर उजवीकडे सरकून रेषा सोडली तर ती योद्ध्याच्या खांद्यालगत निघून जाते, दोघेहि शत्रु तिच्या तडाख्यांत येतात आणि सोबत्याच्या केसालाहि धक्का लागत नाहीं. शंकूच वापरावयाचा असेल तर ड्रॅगनबॉर्नानें योद्ध्याच्या बरोबरीनें पहिल्या रांगेंत येऊन उभें राहिलें पाहिजे. तेथून सोडलेला शंकु पुढेंच पसरतो आणि बाजूचा मित्र सुरक्षित राहतो. तात्पर्य, शंकु हें आघाडीवर उभें राहणाऱ्याचें शस्त्र आहे, आणि रेषा पिछाडीस राहून फट शोधणाऱ्याचें.

हा भेद केवळ शोभेचा नव्हे. २०१४ च्या नियमांत प्रारंभीचा फूत्कार दोन साध्या सहापैलू फांशांचा असे, व त्याची सरासरी ७ येते. त्याच पायरीवरील मांत्रिकाचे प्राणांक मूळचे ६ असून, त्याची प्रकृति चांगली असेल तर त्यांत एखाददुसऱ्याची भर पडते. बचावाचा फांसा साधला तर आघात निम्मा होतो हें खरें. पण तो साधला नाहीं तर सरासरीचा एकच फूत्कार आपल्याच मांत्रिकाला जमिनीवर आडवा करण्यास पुरेसा आहे. ज्या मित्रानें त्या पात्राच्या पायीं कित्येक संध्याकाळ घालविलेल्या असतात, त्याच्या समोर बसून ती सोंगटी आडवी करण्याचा प्रसंग सुखाचा नसतो. आणखी एक शत्रु सांपडला, या समाधानानें त्याची भरपाई होत नाहीं.

बचावासंबंधानें दोन सूक्ष्म गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. या खेळांत आडोशाला महत्त्व आहे. लक्ष्य आणि आघाताचें उगमस्थान यांच्यामध्यें अर्धें अंग झांकील असें कांहीं असलें, मग तें ठेंगणी भिंत असो वा दुसरा प्राणी असो, तर चपळाईच्या बचावाला २ ची भर मिळते. अर्थात् रेषेंत एकामागें एक उभे असलेल्यांपैकीं मागचा मनुष्य पुढच्याच्या आड येऊन हा लाभ घेऊं शकतो. दुसरें असें कीं, २०१४ च्या कोष्टकांत हिरव्या, रुपेरी व पांढऱ्या वंशाच्या फूत्काराचा बचाव चपळाईनें नव्हे, तर शरीराच्या काटकपणानें करावा लागे. काटकपणाच्या बचावाला अर्ध्या आडोशाची ती भर मिळत नसे. हे तिन्ही वंश शंकूचेच होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे शंकूचें पारडें त्या वेळीं आणखी थोडें जड कसें झालें होतें हें समजेल.

यानंतर नियम दोनदां पालटले. २०२१ च्या 'फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स' या पुस्तकानें तांबडा, निळा इत्यादि रंगांच्या वंशांना रेषा दिली, आणि सोनेंरुपें इत्यादि धातूंच्या, तसेंच रत्नांच्या वंशांना शंकु दिला. १९७४ पासून शंकूंत पसरणारी तांबड्याची आग त्याच्या या मानवाकृति वंशजाच्या मुखांतून आतां रेषेंत जाऊं लागली. फूत्कारासाठीं पाळींतील सबंध कृति खर्चावी लागे, तेथें आतां पाळींतील एका वाराच्या बदलीं तो करतां येऊं लागला. विश्रांतीगणिक एकदांच मिळणारा फूत्कार दीर्घ विश्रांतीमागें दोनदां व पुढें पात्राच्या प्रगतीबरोबर सहा वेळांपर्यंत मिळूं लागला. २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'नें हा क्रम कायम ठेवून वंश आणि आकार यांची गांठच सोडून टाकली. या पुस्तकाप्रमाणें प्रत्येक फूत्काराच्या वेळीं शंकु कीं रेषा हें खेळाडू स्वतः ठरवितो, आणि बचाव सर्वांचा चपळाईनेंच होतो.

जुन्या रीतींत एक गोडी होती हें नाकबूल करतां येणार नाहीं. आकार जन्मानें ठरलेला असला कीं पात्राला त्याप्रमाणें वागावें लागे. शंकूवाला धीट होई, रेषेवाला डोळस होई, आणि सोबत्यांनाहि त्याची संवय जडे. नव्या रीतीनें तें बंधन गेलें. पण त्याबरोबर चुकीचें खापर पूर्वजांच्या माथीं फोडण्याची सोयहि गेली. आतां प्रत्येक वेळीं निवड आपली व तिची जबाबदारीहि आपलीच.

म्हणून या पात्राची भूमिका घेणाऱ्यानें, जुने नियम पाळावयाचे असोत वा नवे, मनाशीं तीन प्रश्न क्रमानें विचारावेत. पहिला : माझे सोबती कोठें उभे आहेत ? दुसरा : मी स्वतः आघाडीस आहें कीं पिछाडीस ? तिसरा : जमीन मोकळी आहे कीं चिंचोळी ? शत्रु किती सांपडतील हा प्रश्न चौथा. पहिल्या तिहींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे त्याचें उत्तर बहुधा आपोआप मिळतें. जुन्या कोष्टकांतून पूर्वज निवडावयाचा असेल तर सोबत्यांनीं कोणतीं पात्रें घेतलीं आहेत हें अगोदर विचारून घ्यावें. तुकडींत आघाडी सांभाळणारे दोघे असतील तर रेषा घ्यावी. आघाडी आपल्यावरच पडणार असेल तर शंकु घ्यावा. आणि प्रत्यक्ष लढाईंत फूत्कार सोडण्यापूर्वीं, "मी या ओळींतून सोडणार आहें," एवढें मोठ्यानें सांगावें. त्या एका वाक्यानें मांत्रिकाला आपल्या पाळींत त्या ओळींतून बाजूस होण्याची संधि मिळते, आणि शंकु असो वा रेषा, तिच्या सहाहि घरांत शत्रूच उरतात.