हलका स्कार्फ हवाय? सुई जाड घ्या

महाराष्ट्रात हातानं विणलेल्या स्वेटरला वर्षातून जेमतेम काही आठवडे काम असतं. नाशिक-महाबळेश्वरकडे थोडं जास्त. बाकीचे महिने तो डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं कपाटात. तरीही विणकाम शिकायला बसलं की पहिल्यांदा घ्यायचं ते बाळाचं झबलं नाहीतर कानटोपी, असा जणू नियमच आहे. माझं मत विचाराल तर पहिला विणावा स्कार्फ. गळा आवळणारा मफलर नव्हे. कुर्त्यावर, शर्टावर रोज टाकता येईल, ऑफिसच्या एसीत खांद्यावर ओढता येईल आणि बाहेर पडलं की पर्सच्या कोपऱ्यात मावेल असा.

हलका स्कार्फ म्हटलं की बारीक दोऱ्यासाठी दुकानं पालथी घातली जातात. दोरा बारीक हवा हे खरंच, पण हलकेपणा येतो तो सुईमुळे. चार पदरी लोकर आपण एरवी १० किंवा ११ नंबरच्या सुईवर विणतो. त्यावर टाके घट्ट बसतात, स्वेटरला तेच हवं असतं. तोच दोरा ७ नंबरवर घेतला की प्रत्येक फास मोठा होतो, फासांमध्ये हवा खेळते आणि कापड अंगावरून ओघळायला लागतं. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ७ नंबर म्हणजे साडेचार. अमेरिकी नमुन्यांत हाच हिशेब नेमका उलटा. त्यांची ८ नंबरची सुई पाच मिलिमीटरची, आपली चारची. तेव्हा परदेशी नमुना हाती आला की नंबराकडे बघूच नका, मिलिमीटर बघा.

आता दोरा कशाचा? उकाडा आहे म्हणून सुती, असं उत्तर चटकन तोंडावर येतं आणि ते निम्मंच बरोबर आहे. सुती दोरा घाम टिपतो, टोचत नाही. पण तेवढ्याच जाडीच्या लोकरीपेक्षा तो वजनदार असतो आणि त्याला ताण नसतो. लोकरीच्या केसाला मुळातच नागमोडी वळण असतं, त्यामुळे ती ओढली तरी परत जागेवर येते. सूत येत नाही. सुती स्कार्फ स्वतःच्या वजनानं खाली खाली उतरत जातो. दुकानात सरसकट ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असते. वजनाला ती सगळ्यांत हलकी, धुवायला सोपी, पण एप्रिलच्या दुपारी मानेला नकोशी. जून ते फेब्रुवारी वापरायचा असेल तर अ‍ॅक्रिलिक आणि सूत यांचं मिश्रण मला बरं वाटतं.

टाका कोणता घ्यायचा हे ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: स्कार्फच्या दोन्ही बाजू दिसतात. एक सुई सुलट, एक सुई उलट असं नुसतं विणत गेलात तर कडा आतल्या बाजूला वळतात आणि स्कार्फची सुरळी होते. कितीही इस्त्री करा, ती सुटत नाही. सगळ्याच ओळी सुलट विणल्या तर कापड सपाट राहतं, पण दाट होतं. मधला रस्ता जाळीचा, आणि जाळीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचा हात धरणारं कोणी नाही. तिथल्या उन्स्ट बेटावरच्या बायका इतकी तलम शाल विणत की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. आपल्याला तितकं जायचं कारण नाही. त्यांचा ‘ओल्ड शेल’ नावाचा लाटांचा नमुना मात्र नवख्या हातालाही जमतो, कारण चार ओळींपैकी तीन अगदी साध्या असतात.

साठ टाके घाला. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके कायम सुलट. मधले चोपन्न म्हणजे अठराचे तीन गट. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरीत गंमत आहे. प्रत्येक गटात दोन-दोन टाके एकत्र, असं तीनदा; मग दोरा सुईवर घेऊन एक सुलट, असं सहादा; पुन्हा दोन-दोन एकत्र, तीनदा. चौथी ओळ पुन्हा सुलट. सहा टाके कमी झाले, सहा वाढले, गट अठराचाच राहिला. सुईवर नुसत्या घेतलेल्या दोऱ्याखाली आधीचा टाका नसतो, म्हणून तिथं भोक पडतं. जिथं भोकं तिथं कापड फुगतं, जिथं दोन टाके एक होतात तिथं आकसतं, आणि सुरुवातीची कड आपोआप लाटेसारखी होते.

जाळी उसवताना मात्र रडू येतं. साध्या विणीत सुटलेला टाका पकडता येतो, जाळीत कोणता फास कुठला हेच कळत नाही. त्यासाठी दर वीसेक ओळींनी, चौथी ओळ संपली की दाभणात वेगळ्या रंगाचा दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवावा. चुकलं तर तिथपर्यंत बिनधास्त उसवा, टाके दोऱ्यावर थांबतात. शेवटी टाके बंद करताना एक नंबर आणखी जाड सुई घ्या, नाहीतर एक टोक पसरट आणि दुसरं चुण्या पडलेलं दिसतं.

सुईवरून उतरलेला स्कार्फ बघून हिरमुसू नका. जाळी या वेळी चुरगळलेलीच दिसते. सुती असेल तर भिजवून, पंचात गुंडाळून पाणी दाबा आणि सतरंजीवर ताणून टाचण्या लावा. अ‍ॅक्रिलिकवर पाण्याचा असर होत नाही, त्याला वाफ लागते. इस्त्री दोन बोटं वर धरायची, टेकवायची नाही. टेकली तर दोरा वितळतो.

लांबीचा मोह आवरा. इझाडोरा डंकन ही नामवंत नर्तिका १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात गेली ती गळ्यातला लांबलचक रेशमी स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. आपल्याकडे तर निम्म्या बायका दुचाकीवर. पाच फूट पुष्कळ झाला, आणि स्कूटरवर बसताना दोन्ही टोकं जॅकेटच्या आत. सुती विणत असाल तर साडेचार फुटांवरच टाके बंद करा, उरलेलं तो वापरात आपणहून वाढतो.