गच्चीची भेग, ओट्याची भेग

खानदेशात काँक्रीटला वरून ऊन छळतं, खालून काळी माती. मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दिवसा प्रसरण पावलेला स्लॅब रात्री आखडतो आणि गच्चीवर बारीक भेगा उमटतात. ओट्याचं दुखणं बहुधा जमिनीतलं असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर काचेची पातळ पट्टी एपॉक्सीने चिकटवून एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भेग हलती आहे. तिथे सिमेंट टिकत नाही, लवचीक सीलंटच भरावं.

स्थिर भेग छिन्नीने १ ते २ सेंटिमीटर खोल करा, तारेच्या ब्रशने धूळ काढा, रात्रभर भिजवा. १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली वाळू. माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. भरलेल्या भेगेवर ७ दिवस ओलं गोणपाट हवंच. आपल्याकडच्या उन्हात बहुतेक डागडुजी इथेच वाया जाते. म्हणून दिवाळीनंतरचे थंड दिवस उत्तम.

खोदताना गंजलेली सळई दिसली, तर छिन्नी खाली ठेवा आणि अभियंत्याला बोलवा.