वारा वाटून घेता येतो, चढ नाही

बीडहून सोलापूर रस्त्याने मांजरसुंब्याकडे निघालेला सायकल क्लब डोळ्यांपुढे आणा. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. मागच्याला पुढच्याचा आडोसा मिळतो, त्याची दमछाक बरीच कमी होते. म्हणून पुढचा थोड्या वेळाने बाजूला सरकतो, दुसरा पुढे येतो. म्हणजे वारा वाटून घेता येतो.

घाट लागला की वेग पडतो आणि आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही. ज्याचं वजन त्यानंच वर न्यायचं. मग क्लबचं काम काय? माथ्यावर थांबणं!

ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरीत नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत; तेवढ्यात पोचलेले सगळे सारखे. वेळ हाताशी असेल तर थांबणाऱ्याचं काहीच जात नाही. शर्यतीत मात्र थांबणारा हरतो.

समता म्हणजे सगळ्यांचा वेग एक, असं आपण समजतो. घोटाळा तिथंच आहे. वाटता येईल ते वाटावं, न येईल तिथं वाट पाहावी. नाहीतर शेवटचा माणूस पुढच्या रविवारी येतच नाही.