धूळ आणि श्वास

उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावर उडणारी धूळ दिसते. अधिक घातक असते ती न दिसणारी. तिला अडविणारी गाळणी म्हणजे चाळण नव्हे. काचतंतूंच्या जाळ्यात जड कण आदळून अडकतात, अतिसूक्ष्म कण भरकटत तंतूंना चिकटतात. सर्वांत कठीण ते मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे, त्यांपैकी ९९.९७ टक्के अडले पाहिजेत, हीच कसोटी. शस्त्रक्रियागृहांना, औषधांच्या कारखान्यांना हे कवच लाभले. परंतु उज्जैन विभागातील मंदसौरला पाटीवरची पेन्सिल घडविणाऱ्या मजुरांची फुप्फुसे सिलिकाच्या धुळीने निकामी झाली. तशाच पेन्सिलीने आम्ही अक्षरे गिरविली. ते ऋण फेडावयाचे तर यंत्रापाशीच धूळ शोषून गाळण्याची सक्ती हवी. मालाच्या शुद्धतेइतकेच मजुराच्या श्वासाचे मोल राज्यकर्त्यांनी जाणावे.