साडेतीन मिनिटांचं गाणं निघालं ताऱ्यांकडे!

मलकापुरात पाऊस लागला की तो लागतोच! शाहूवाडी तालुक्यातलं हे आमचं गाव कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे गेलं की आंबा घाट आणि घाट उतरला की कोकण. पाऊस असा धो धो कोसळत असायचा आणि माझी आजी पहाटे उठून जात्यावर बसायची. जात्याची घरघर आणि तिच्यावर आजीची ओवी. मी गोधडीत तोंड खुपसून ऐकत पडलेलो असायचो.

पुढे गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि काही वर्षांनी आजीही गेली. आज घरात तिचा फोटो आहे, नऊवारी लुगडं आहे, तिचा पानाचा डबासुद्धा आहे. नाही तो फक्त तिचा आवाज. ओव्यांच्या दोन ओळीसुद्धा मला आता धड आठवत नाहीत.

आवाज हरवतो तो असा. कुणी चोरत नाही, कुठे सांडत नाही, पण एक दिवस तो नसतो.

म्हणूनच आज तुम्हाला दोन आवाजांची गोष्ट सांगणार आहे. एका गुरूचा आणि त्यांच्या शिष्येचा. गुरूंचा आवाज कायमचा हरवला. शिष्येचा आवाज मात्र या क्षणी पृथ्वीपासून इतका लांब आहे की तिथे अजून कुणी माणूस गेलेला नाही. आणि गंमत म्हणजे दोघांचाही संबंध आपल्या कोल्हापूरशी आहे!

दरबारातले खाँसाहेब

राजर्षी शाहू महाराजांना कुस्तीचं वेड होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यांच्या दरबारात जसे पैलवान होते, तसे गवईही होते. त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे उस्ताद अल्लादिया खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातल्या उणियारा या गावचा. तरुणपणी एकदा सतत गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला, तो पूर्वीसारखा काही परत आला नाही. दुसरा एखादा गवई असता तर खचून गेला असता. खाँसाहेबांनी काय करावं? उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गाण्याची नवी रीतच घडवली! वळणावळणाच्या, पेचदार ताना आणि सहसा कुणी न गायलेले राग ही तिची खूण. याच रीतीला आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात. ती शिकवली गेली, वाढली ती मुख्यतः आपल्या महाराष्ट्रात. शाहू महाराज १९२२ मध्ये वारले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

आता जरा हिशोब करा. आपल्या देशात गाणं रेकॉर्ड व्हायला सुरुवात झाली १९०२ साली. म्हणजे त्यानंतर खाँसाहेब चव्वेचाळीस वर्षं हयात होते. तरीही त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड आज आपल्याकडे नाही. त्यांनी नातवाला सांगितलेल्या आठवणी पुस्तकात आहेत, छायाचित्रं आहेत, पण सूर नाही. एवढा मोठा गवई गायचा कसा, हे आपण फक्त वाचू शकतो.

लाखेच्या तबकडीवर

पण रेकॉर्ड म्हणजे नक्की काय? तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलीही नसेल.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ही थरथर एका सुईला द्यायची. फिरणाऱ्या तबकडीवर सुई नागमोडी चर कोरत जाते. पुढे त्याच चरातून दुसरी सुई फिरवली की ती तशीच थरथरते आणि आवाज पुन्हा बाहेर येतो. झाला ग्रामोफोन! वीज नको की बॅटरी नको. चावी भरायची, सुई ठेवायची आणि कर्ण्याला कान लावायचा.

जुन्या तबकड्या लाखेपासून बनवत. होय, झाडावरच्या किड्यांपासून मिळते तीच लाख. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरायची आणि एका बाजूवर मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. मैफलीत एकच राग तासभर गाणाऱ्यांना केवढी पंचाईत! समुद्र तांब्यात भरण्यासारखंच ते.

१९२५ सालापर्यंत मायक्रोफोनही नव्हता. गाणाऱ्यानं मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं. कोलकात्याच्या गौहरजान या गायिकेनं १९०२ मध्ये रेकॉर्ड केली, तेव्हा गाणं संपताच तिनं इंग्रजीत मोठ्यानं आपलं नावही सांगून टाकलं. का माहीत आहे? तबकड्या छापल्या जात जर्मनीत. तिथल्या कामगारांना कळायला नको का, हा आवाज कुणाचा ते! गौहरजानची ही युक्ती लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला ती लागणार आहे.

केरीची केसर

आता शिष्येकडे वळू. गोव्यात फोंडा तालुक्यात केरी नावाचं गाव आहे. तिथे १८९२ साली केसरबाई केरकर यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी ही मुलगी गाणं शिकायला कोल्हापुरात आली आणि आठ महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकली. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मुंबईत भास्करबुवा बखले अशा एकाहून एक गुरूंकडे तिनं धडे घेतले. पण शिक्षण सारखं मधेच तुटायचं. अखेर १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी तिला शिष्या केलं. तेव्हा ती काही लहान नव्हती, तिशीला टेकली होती. तरी तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं मेहनत घेतली.

मग केसरबाईंचं नाव देशभर झालं. ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली, १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. स्वभाव मात्र करारी! शिष्य करून घ्यायला त्या सहसा तयार होत नसत. ज्या एका शिष्येला त्यांनी मनापासून शिकवलं, त्या धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्याच. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे शिकून धोंडूताई पुढे केसरबाईंकडे गेल्या. आज केरी गावात केसरबाईंच्या नावाची शाळा आहे.

आणि केसरबाईंनी गुरूंसारखं केलं नाही. त्यांनी तबकड्यांसाठी गाणी गायली. त्यांतलंच एक भैरवीतलं ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांचं.

सोन्याची तबकडी

१९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडायचं ठरवलं. गुरू, शनी हे ग्रह पाहून यानं पुढे सूर्यमालेच्याही पलीकडे जाणार होती. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या मनात आलं, वाटेत कधी कुणी बुद्धिमान जीव भेटले तर? त्यांना पृथ्वीची ओळख कशी करून द्यायची?

मग तयार झाली तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तिच्यात चित्रं आहेत, पावसाचा नि पक्ष्यांचा आवाज आहे आणि ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत आपली मराठीसुद्धा आहे! शिवाय जगभरातली २७ गाणी आणि सुरावटी. अख्ख्या जगाची मिळून फक्त सत्तावीस! भारताच्या वाट्याला आलं एकच गाणं, ते म्हणजे केसरबाईंचं ‘जात कहाँ हो’.

ते सुचवलं रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकानं. पण रेकॉर्ड मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्क शहरातल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात ती सापडली! विचार करा, ते खोकं आधीच रद्दीत गेलं असतं तर?

‘जात कहाँ हो’ म्हणजे ‘कुठे निघालात?’ कधीच परत न येणाऱ्या यानाबरोबर पाठवायला याहून चपखल गाणं कुठलं मिळालं असतं!

व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. त्यांचं गाणं पुढे निघून गेलं होतं. आज ते यान आपल्यापासून २,५०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतो. त्या यानापर्यंत पोचायला प्रकाशाला तेवीस तासांहून जास्त वेळ लागतो!

शेजारी कोण आहे?

त्या तबकडीवर केसरबाईंचं गाणं संपलं की लगेच कुणाचं लागतं, सांगा पाहू? ब्लाइंड विली जॉन्सन नावाच्या एका अंध अमेरिकन गायकाचं.

विली जॉन्सन कृष्णवर्णीय होता, टेक्सास राज्यातला. रस्त्याच्या कडेला उभा राहून तो भजनं गायचा आणि लोक देतील त्यावर गुजराण करायचा. पण त्याची भजनं असायची ‘ब्लूज’च्या ढंगाची. ब्लू म्हणजे निळा हे तुम्हाला माहीत आहे. पण इंग्रजीत मन उदास असलं की त्यालाही ‘ब्लू’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसांना १८६५ सालापर्यंत गुलाम म्हणून राबवलं जाई. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचताना ती माणसं गायची. गुलामी गेली तरी गरिबी आणि अपमान गेले नाहीत. त्या कष्टांच्या गाण्यांतूनच पुढे ब्लूज जन्माला आलं.

विलीचं हे गाणं १९२७ मध्ये रेकॉर्ड झालं. त्यात शब्द नाहीतच! तो नुसता हुंकार भरतो, आपल्याकडे आलाप घेतात ना, तसा. गिटारच्या तारेवरून तो सूर असा ओढत नेतो की आपल्याला मींडच आठवावी. विली १९४५ मध्ये गरिबीतच वारला. तबकडी मात्र राहिली. आज गोव्याची मानी गायिका आणि टेक्सासचा अंध गायक एकमेकांना कधीही न भेटता शेजारी शेजारी प्रवास करताहेत.

तबकडीचे पाय किती लांब असतात, त्याची आणखी एक गोष्ट सांगतो. १९६१ साली इंग्लंडमधल्या डार्टफर्ड स्टेशनवर दोन मुलांची गाठ पडली. एकाच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्डस् होत्या. त्या पाहून दुसरा थबकला. दोघं लहानपणी एकाच शाळेत होते, पण खरी दोस्ती जमली ती या तबकड्यांमुळे! ती मुलं म्हणजे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स. पुढे त्यांनी ‘रोलिंग स्टोन्स’ हा जगप्रसिद्ध वाद्यवृंद काढला. ब्लूजच्या मुलखात न जाता ब्रिटिश पोरं ब्लूज शिकली ती अशी, तबकड्या ऐकून ऐकून. यातल्या चक बेरीचं गाणंही व्हॉयेजरवर आहे बरं का!

आजीच्या ओव्या

आता पुन्हा माझ्या आजीच्या जात्यापाशी येऊ. कापूस वेचता वेचता गाणारी ती माणसं आणि दळता दळता गाणारी माझी आजी. काही फरक वाटतो तुम्हाला? मला नाही वाटत. आजीच्या ओवीत माहेर असायचं, भाऊ असायचा, विठोबा असायचा आणि कुणाला न सांगितलेलं दुःखही असायचं. तेही आपलं ब्लूजच!

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत जाऊन जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुष्कळशा तर गाणाऱ्या बायांच्या आवाजात रेकॉर्डही करून ठेवल्या. आमच्या घरी मात्र कुणी आलं नाही आणि आम्हालाही ते सुचलं नाही. आम्हाला वाटायचं, आजी काय, रोजच गाते!

म्हणून मित्रांनो, या रविवारी एक काम करा. घरात, नाहीतर शेजारीपाजारी ओव्या, पाळणे, भूपाळ्या, धनगरी गाणी येणारं कुणीतरी असेलच. त्यांच्याजवळ बसा. आधी विचारा, ‘आजी, तुमचं गाणं मोबाईलवर घेऊ का?’ त्या ‘हो’ म्हणाल्या तरच घ्या. पंखा आणि टीव्ही बंद करा. मोबाईल त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. मधे बोलू नका, हसू नका, त्या अडखळल्या तर थांबा. मग शब्द वहीत उतरवून काढा, न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारा. आईबाबांना सांगून रेकॉर्डिंग दोन-तीन ठिकाणी साठवून ठेवा, कारण मोबाईल पडतो, बिघडतो.

आणि हो, गौहरजानची युक्ती विसरू नका! गाणं संपलं की आजीला तिचं नाव, गाव आणि तारीख सांगायला सांगा. ती लाजेल, ‘माझं कसलं रे नाव!’ म्हणेल. तरी आग्रह करा. पन्नास वर्षांनी ते गाणं ऐकणाऱ्याला कळायला नको का, हा आवाज कुणाचा ते?