ओलं इंधन आणि इंजिनाचा संगणक



मागच्या वेळी आपण अनुमानावर बोललो. त्यानंतर एका तरुण श्रोत्याचा फोन आला. मुलगा स्वीडनमध्ये नोकरी करतो. तिथं त्यानं जुनी साब ९००० एरो घेतली आहे. २.३ लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. कारखान्यातून निघालं तेव्हा २२५ अश्वशक्तीचं. यानं त्यावर मोठा टर्बो आणि मोठे इंजेक्टर चढवले. म्हणाला, "सर, मित्राकडे त्याच्या गाडीची तयार फाइल आहे. तीच माझ्या गाडीच्या संगणकात भरली तर चालेल का?"

आता हे तत्त्वज्ञानाच्या मास्तरला का विचारावं? पण विचार केला तेव्हा वाटलं, प्रश्न आपलाच आहे.

पहिली गोष्ट ही, की इंजिनाचा संगणक सिलिंडरमध्ये डोकावून हवा मोजत नाही. या गाडीत ट्रायॉनिक नावाची प्रणाली आहे, १९९३च्या सुमाराची. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, तिचं तापमान आणि इंजिनाचे फेरे, एवढंच तिला कळतं. त्यावरून ती ठरवते, की आत इतकी हवा गेली असणार. म्हणजे हे अनुमान झालं. पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते. टर्बो पूर्ण जोरात असताना मात्र मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, साधारण १२ला १. पण पेट्रोलही कुणी मोजत नाही! इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, एवढंच संगणक ठरवतो. हे आकडे तक्त्यांत असतात. एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला दाब. या तक्त्याला मेकॅनिक मंडळी मॅप म्हणतात.

आता आपल्या नैयायिकांकडे वळू. धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. ही जी लपलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. 'इतका वेळ उघडा, म्हणजे इतकं पेट्रोल' हे संगणकाचं गणित असंच अटीवर उभं आहे. अट ही, की इंजेक्टर तोच हवा. समजा, मिनिटाला ३५० घनसेंटिमीटर सोडणारा इंजेक्टर काढून ५२५चा बसवला. तेवढ्याच वेळात दीडपट पेट्रोल पडणार, आणि संगणकाला त्याचा पत्ताही नसणार.

दाबाचंही तसंच. या गाडीतला मूळ सेन्सर २.५ बारपर्यंतच बघतो. दाब त्यापुढे गेला तरी तो २.५च सांगत राहणार. संगणक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल देणार, आणि ते कमी पडणार. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगेल ना, असं कुणी म्हणेल. पण त्या काळचा हा सेन्सर पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो, किती ते नाही. शिवाय पूर्ण जोरात तर त्याचं कुणी ऐकतच नाही.

मग बिघडतं काय? मित्राचे इंजेक्टर याच्यापेक्षा मोठे असतील, तर त्याच्या फाइलीत ते उघडण्याची वेळ कमी लिहिलेली असणार. याच्या इंजिनाला पेट्रोल कमी पडेल, उष्णता वाढेल, आणि ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटेल. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टन तडकतो, नाहीतर वितळतो. ट्रायॉनिक स्पार्क प्लगमधूनच वाहणाऱ्या बारीकशा विद्युतप्रवाहावरून नॉकिंग ओळखते आणि ठिणगी उशिरा टाकते, दाब उतरवते. फार हुशारीची व्यवस्था आहे ही. पण ती ओळखते ते नॉकिंग झाल्यावर, आणि कधी ओळखायचं तेही आकड्यांतच लिहिलेलं. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे चार सिलिंडर मिळून सेकंदाला २०० ज्वलनं. तुम्ही पाय उचलायला अर्धा सेकंद लावलात, तर तेवढ्यात शंभर होऊन गेली!

काही जण आणखी एक करतात. सेन्सरच्या तारेत काहीतरी जोडून संगणकाला खोटाच दाब सांगतात. ज्याच्या निर्णयावर आपलं इंजिन चालतं, त्यालाच फसवायचं!

ट्यूनिंग याच्या उलट असतं. आधी संगणकाला खरं सांगायचं: इंजेक्टर कोणते, सेन्सर कोणता. मग हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर लावायचा आणि गाडी रोलरवर, म्हणजे डायनोवर, चालवायची. आधी आयडलिंग, मग साधा वेग, मग दाब थोडा थोडा वाढवत जायचा. प्रत्येक पायरीला नोंद बघायची, जुळत नसेल तो आकडा बदलायचा. नॉकिंग दिसलं की मागे यायचं. शेवटच्या दहा अश्वशक्तींचा मोह आवरायचा.

त्या मुलाला मी म्हटलं, "बाबा रे, मित्राची फाइल खोटी नाही. ती त्याच्या इंजिनाबद्दल खरी आहे. तुझ्या इंजिनाबद्दलचं खरं तुलाच मोजून काढावं लागेल." थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, डायनोची वेळ घेतो."

आज इथंच थांबू.